चालू दुकानांची यादी

देवीदासनं दुकानाची तिसरी फळी उतरवून भिंतीला टेकवली आणि चौथीला हात घालता घालता तो थांबला. समोर ठकूबाईच्या चहाच्या हॉटेलाची एकही फळी निघाली नव्हती. एरवी या वेळेला तिथं पहिल्या पाळीला निघालेली माणसं घाईघाईनं फुंकर मारत चहा पीत असत. आज बाकडं रिकामं होतं आणि आतून बायकांच्या रडण्याचा दबका आवाज येत होता.

ठकूबाईचा नवरा धोंडबा पहाटे गेला होता. महिनाभर छातीत कफ घेऊन पडून होता, त्यामुळे धक्का असा कोणाला बसला नाही. पण गेला तो नेमका आज, बुधवारी.

"फळ्या काढू का लावू?" मागून भैय्याजीनं विचारलं. भैय्याजी शेजारचा किराणावाला, बाजार कमिटीचा मेंबर आणि कुठलाही निर्णय दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेण्यात पटाईत.

"काढ," देवीदास म्हणाला.

"लोक लावून राहिले. सायकलवाल्या सरदारजीनं त लावल्या बी."

"त्याले म्हन काढ. साऱ्याइले सांग. आज कोनाचंच दुकान बंद दिसलं नाही पायजे."

"अन् धोंडबा?"

चौथी फळी देवीदासनं गरजेपेक्षा जास्त जोर लावून उपसली.

मजुरांच्या कॅम्पचा हा बाजार कोणी ठरवून वसवला नव्हता. पोलादाच्या कारखान्याचा पाया खणायला हजारो माणसं आली, त्यांना चहा, विडी, केळी, चपला लागल्या, म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टिनाची आणि फळ्यांची दुकानं उभी राहिली. सरदारजीच्या सायकली, तेलुगू माणसाची केळी, बंगाल्याची मिठाई, भंडाऱ्याहून मशीन डोक्यावर घेऊन आलेला देवीदास टेलर. एकाची बोली दुसऱ्याला समजत नसे. शिव्या मात्र सगळ्यांना सगळ्यांच्या समजत. संध्याकाळी इथं चालायला जागा नसायची. मग एकेक भट्टी पेटत गेली, बांधकामाचे मजूर दुसऱ्या गावांच्या वाटेला लागले आणि पक्क्या नोकरीवाल्यांना कारखान्याच्या नव्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टरं मिळाली. सेक्टरात बाजारही नवा, सिमेंटचा. इकडच्या साठ दुकानांपैकी जवळजवळ निम्म्यांना कुलपं लागली. उरलेले एकमेकांचीच गिऱ्हाइकं झाले.

दोन वर्षं देवीदासनं कारखान्याच्या टाउन ऑफिसात चपला झिजवल्या. अकरा अर्ज लिहिले. अखेर मंजुरी आली: याच जागेवर पक्की दुकानं, वीज, नळ आणि बाजाराच्या तोंडाशी बसचा थांबा. बाजार पुन्हा उभा राहणार होता. अट एकच. जागा अडवण्यासाठी पुष्कळांनी नुसत्याच कुलुपबंद टपऱ्या ठेवल्या होत्या, तेव्हा ऑफिसचा बाबू येऊन पाहणार आणि ज्याचा धंदा चालू असेल त्याचंच नाव यादीत घेणार. 'बाबू बुधवारी येईन, बंद दिसलं त कटलं,' असं ऑफिसातल्या चपराशानं सांगितलं होतं आणि देवीदासनं तेच सगळ्या ओळीला तीन-तीनदा बजावलं होतं.

आता याच बाजाराची एक रीत होती. ओळीतलं कोणी गेलं की स्मशानातून माणसं परत येईपर्यंत सगळ्यांच्या फळ्या लागत. ती रीत पाडली होती धोंडबानंच. पहिल्या वर्षी एक तेलुगू मजूर तापानं गेला. त्याचं इथं कोणी नव्हतं. धोंडबानं भर गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकं उठवली, फळ्या लावल्या आणि खांदा द्यायला गेला. त्याचं पाहून शेजाऱ्यानं लावल्या, त्याचं पाहून पुढच्यानं. तेव्हापासून कोणाला सांगावं लागलं नव्हतं.

देवीदास रस्ता ओलांडून मागच्या दारानं आत गेला. हॉटेलाच्या मागच्या खोलीतच ठकूबाईचं घर होतं, मध्ये फक्त गोणपाटाचा पडदा. धोंडबाला जमिनीवर घेतलं होतं. त्याच्या उशाशी ठकूबाई बसली होती आणि तिच्या पाठीवर हात ठेवून देवीदासची बायको मथुरा.

"डोंगरगडाले मानूस गेला काय?" देवीदासनं विचारलं.

"गेला," मथुरा म्हणाली. "वयनीचे दीर दुपारच्या प्यासेंजरनं येतीन. तोवर ठेवा लागन."

म्हणजे बाबू येऊन जाईपर्यंत तिरडी निघणार नव्हती. हे ऐकून त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. तो ठकूबाईसमोर उकिडवा बसला.

"वयनी, आज तो बाबू येऊन राहिला. यादीवाला."

ठकूबाईनं धोंडबाच्या कपाळावरची माशी हाकलली.

"हॉटेल बंद दिसलं त नाव जाईन. मंग पक्कं दुकान भेटनार नाही. तुमाले आता हेच आहे."

"काय करा लागते?"

त्याला वाटलं होतं ती चिडेल, निदान रडेल. तिनं नुसतं विचारलं.

"फळ्या मी काढतो. तुमी फक्त..." त्यानं पडद्याकडे पाहिलं. "चूल पेटवा लागन."

मथुरानं झटकन त्याच्याकडे पाहिलं. हॉटेलाची आणि घराची चूल एकच होती. घरात मढं असताना चूल पेटत नाही; शेजारी भाकर आणून घालतात आणि घरचे तीही नको नको म्हणत खातात. हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

"तुमाले समजते काय तुमी काय बोलून राहिले?" ती म्हणाली. "मी आपल्या घरून चहा करून आनतो."

"आनलेल्या चहानं काय होते? थंड चूल पाहून तो काय लिहीन?"

मग ठकूबाईनं धोंडबाच्या अंगावरची चादर खांद्यापर्यंत नीट केली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. पडद्याजवळ जाऊन तिनं पदर खोचला.

"बायाइले सांग, रडू नका म्हन," ती मथुराला म्हणाली. "आवाज बाहेर जाते."

बाबू आला तेव्हा साडेनऊ झाले होते. केवलराम त्याचं नाव. तुमसरकडचा, म्हणजे देवीदासच्याच मुलखातला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला, घामानं भिजलेला साधा माणूस. बगलेत रजिस्टर, हातात पेन्सिल. देवीदास त्याच्याबरोबर दुकानागणिक फिरला. भैय्याजीनं उगाचच तराजू हलता ठेवला होता. सरदारजी एकच चाक पुन्हा पुन्हा फिरवत होता. कोणी नेहमीसारखं हाका मारत नव्हतं. इतका मुकाट बाजार बाबूनं आयुष्यात पाहिला नसेल.

"तुमच्याकडचे लोक शांत आहेत बुवा," तो म्हणाला. "नाही त यादी म्हटली की अंगावर येतात."

आठवं दुकान ठकूबाईचं. चुलीवर चहा उकळत होता. केवलराम बाकड्यावर टेकला आणि टोपीनं वारा घेऊ लागला.

"मालक कुठं आहेत?"

"आत आहेत," ठकूबाई म्हणाली. "झोपले."

"बरं नाही काय?"

"नाही."

"कोनाच्या नावानं लिहू मंग?"

"वयनीच्या," देवीदास घाईनं म्हणाला. "धंदा त्याच पाहतात."

केवलरामनं नाव लिहिलं. ठकूबाईनं त्याच्यासमोर चहा ठेवला आणि दुसरा कप देवीदासपुढे धरला. तो नको म्हणू शकला असता. पण बाबू पाहत होता. देवीदासनं कप घेतला आणि एका दमात रिकामा केला, जीभ भाजली.

"चहा छान आहे बाई," केवलराम म्हणाला.

"घ्या अजून," ती म्हणाली आणि खरोखरच अजून ओतला.

ओळ संपायला बारा वाजले. एकतीस नावं झाली. शेवटच्या केळीवाल्यापाशी रजिस्टर मिटून केवलराम वळला आणि वळल्या जागी थबकला. मागच्या सगळ्या दुकानांना फळ्या लागत होत्या. सरदारजीच्या लागून झाल्या होत्या, भैय्याजी शेवटची बसवत होता. हॉटेलासमोर दोन माणसं हिरवे बांबू घेऊन बसली होती आणि एकजण सुतळी सोडवत होता.

"कोन गेलं?" केवलरामनं विचारलं.

"धोंडबा. हॉटेलवाला."

"कधी?"

"पहाटे."

केवलराम हॉटेलाकडे पाहत राहिला. मग त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं ओठ पुसले.

"म्हनजे मी चहा घेतला तवा..."

"हो."

तुमसरच्या माणसाला पेटलेल्या चुलीचं वेगळं समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो हळूच म्हणाला, "अहो, सांगायचं ना. मी उद्या आलो असतो."

"उद्या?"

"उद्या, परवा, कधीबी. यादी मले सोमवारी द्यायची आहे. इथंच जवळ राहतो मी."

"चपराशी म्हनला, बुधवारी बंद दिसलं त कटलं."

"त्याचं काय, तो काहीबी म्हनते. मले विचारलं काय कोनी?"

कोणीच विचारलं नव्हतं. अकरा अर्ज करणाऱ्या देवीदासला एवढी एक गोष्ट विचारायची सुचली नव्हती. सकाळी भैय्याजीला सायकलवर ऑफिसात पाठवलं असतं तरी अर्ध्या तासात उत्तर आलं असतं. आपण त्या बाईला काय करायला लावलं हे त्याला आता पुरतं कळलं.

तो हॉटेलापाशी आला. केवलरामही मागोमाग आला. जावं की थांबावं हे त्याला ठरवता येत नसावं. ठकूबाई दारात उभी होती. तिच्या हाताला अजून चहाची भुकटी लागलेली होती. आतल्या बायका आता मोकळ्यानं रडत होत्या.

"काय म्हने तो बाबू?" तिनं विचारलं.

"नाव लागलं तुमचं. आठवं."

तिनं मान हलवली. हाताची भुकटी तिनं पदराला पुसली.

"आजच लागत होतं ना, भाऊ?" ती म्हणाली. "उद्या चाललं नसतं?"

केवलरामनं खाली वाकून पायातल्या चपला काढल्या. वर पाहायला त्यानं पुष्कळ वेळ लावला.

"नाही," देवीदास म्हणाला. "आजचाच दिवस होता."

"मंग ठीक केलं आपन," ती म्हणाली आणि आत गेली.