खिडकीखालचे आजोबा

अशी कल्पना करा, बाळांनो: तुम्ही शाळेच्या खिडकीखाली उभे आहात, तुमचा हात आजोबांच्या हातात आहे, आणि त्यांचा हात ओल्या फडक्यासारखा गार पडलाय. विश्न्या नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीची त्या सकाळी हीच गत झाली होती.

मोरावा नदीकाठच्या त्या गावात शाळा सोडून पन्नास वर्षं झाली, की सगळे पुन्हा आपापल्या बाकांवर येऊन बसतात. जुन्या बाई हजेरी घेतात. ज्याचं नाव येईल त्यानं उठून आपलं आयुष्य थोडक्यात सांगायचं. जो वारला असेल त्याच्यासाठी सगळ्यांनी मिनिटभर उभं राहायचं.

विश्न्याच्या आजोबांना, रादिसावना, सांगायचीच लाज वाटत होती. दारूपायी त्यांची नोकरी गेली, मग चोरट्या सिगारेटींचा ट्रक चालवताना पकडले गेले आणि तीन वर्षं तुरुंगात काढली. आता दारू सुटली होती. दूरच्या शहरात लेकीकडे राहून ते लोकांच्या सायकली दुरुस्त करायचे. आज इस्त्रीचा सदरा घालून ते आले खरे, पण वर्गाच्या दाराशी पाय अडले, आणि ते मागे फिरून बाहेर खिडकीखाली येऊन थांबले.

"इथूनच ऐकू," ते म्हणाले.

आतून लेपोसावाबाईंचा खणखणीत आवाज आला, "रादिसाव!"

मग त्यांच्याच बाकावरचा झिवादिन म्हणाला, "बाई, तो गेला म्हणतात. वीस वर्षं काही पत्ता नाही."

बाकं करकरली. सगळे उभे राहिले.

"अरे देवा," आजोबा पुटपुटले, "मारलं की मला यांनी!"

विश्न्यानं हसू दाबायला तोंडावर हात धरला.

मिनिट संपल्यावर झिवादिन खाकरला. "बाई, आज सांगूनच टाकतो. गणिताच्या मास्तरांच्या टोपीत कोंबडी बसवली होती ना, ती मी बसवली होती. रादिसाव उगाच 'मीच' म्हणाला. मार त्यानं खाल्ला आणि अंडं मी."

"पन्नास वर्षं गप्प बसलास, गाढवा!" मागच्या बाकावरची एक वर्गमैत्रीण ओरडली. वर्ग हसून हसून लोळला.

"पुढे तो तुरुंगात गेला," झिवादिनचा आवाज खाली आला. "मी एकदाही भेटायला गेलो नाही. तेवढं सलतं."

आजोबांनी बाहीनं नाक पुसलं. "चल, पोरी. मेलेल्याबद्दल सगळेच गोड बोलतात. जिवंत आत गेलो, तर ट्रकचं विचारतील."

"मग सांगा ना ट्रकचं."

"तुला नाही कळायचं," म्हणत ते फाटकाकडे वळलेसुद्धा.

आज परत फिरले तर आजोबा या लोकांना पुन्हा कधी तोंड दाखवणार नाहीत, एवढं विश्न्याला चांगलं कळत होतं. आत झिवादिननं दारूच्या बाटलीचं बूच काढलं होतं. मेलेल्याच्या नावानं जमिनीवर चार थेंब सांडायची तिथे रीत आहे.

विश्न्या भिंतीच्या कडेवर चढली आणि तिनं खिडकीतून डोकं आत घातलं.

"ओ काका, सांडू नका! आजोबा मेले नाहीत. बाहेर लाजतायत नुसते!"

बाटली झिवादिनच्या हातातून सुटता सुटता राहिली. आत एकच गलका उडाला, आणि दाराकडे धावणाऱ्या म्हाताऱ्या पावलांचा धबधब आवाज सुरू झाला.

तोवर विश्न्यानं खाली उडी मारली. आजोबांच्या बाजूनं ती पुढे पळाली, फाटक ओढून घेतलं, कडी घातली आणि फाटकाला पाठ टेकून, हात पसरून उभी राहिली.