हापिसातल्या बाईचं तिसरं कडवं

मावशीला हापिसात सगळे ‘स्पीडबाई’ म्हणायचे. टाइपरायटरवर तिची बोटं अशी पळायची, की मजकूर सांगणाऱ्या साहेबालाच धाप लागावी. निवृत्त होऊन जमाना लोटला, पण आजही कुणी बोलायला लागलं की तिची बोटं मांडीवर आपोआप नाचतात.

तिची भाची कॉलेजात इतिहास शिकवायची. जुन्या लोकप्रिय गाण्यांतून लोक कसे राहत, कशाला हसत, कशाला घाबरत, हे ती शोधत होती. एका रविवारी ती काखोटीला ग्रामोफोन आणि हातात एक रेकॉर्ड घेऊन आली.

“मावशी, हे ऐक. मात्र रागावू नकोस हं.”

सुई टेकली, खरखर झाली आणि एक खट्याळ पुरुषी आवाज गाऊ लागला:

‘बाई निघाली हापिसाला, पर्स लटकवून काखेत,
घरी नवऱ्याचं दूध उतू गेलं, मिश्या माखल्या राखेत!’

भाचीने मावशीच्या चेहऱ्याकडे बघितलं. मावशी डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती.

“अगं, ह्या गाण्याने माझी नोकरी खाल्ली होती जवळजवळ!”

मावशी एकोणीस वर्षांची असताना पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लागली. बायका तिथे पहिल्यांदाच घेतल्या होत्या, त्याही चारच. त्यांना फायलींच्या खोलीत एका खिडकीपाशी बसवलं होतं. आणि त्याच वर्षी हे गाणं आलं. गाणं कसलं, साथच ती! बसमध्ये कंडक्टर तिकीट फाडताना गुणगुणायचा, कचेरीत शिपाई चहा ठेवताना शीळ घालायचा. शेजारची पोरं तर दारावरून जाताना मुद्दाम आवाज चढवायची.

एके दिवशी वडिलांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. “पुरे झालं. आपल्या दारात तमाशा नको. उद्या राजीनामा देऊन ये.”

वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, शब्दाबाहेर जायची तेव्हा प्राज्ञा नव्हती. मावशी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडली. सकाळी कचेरीत जाऊन तिने राजीनामा टाइप केला, सवयीने तीन कार्बन लावून, आणि मोठ्या साहेबांसमोर नेऊन ठेवला.

साहेबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग चष्मा काढला. “एकही चूक नाही. समास कसा सुरेख सोडलाय! अशी टायपिस्ट मी सोडू होय? वडिलांना म्हणावं, शनिवारी आमच्या स्नेहसंमेलनाला या.”

ही गोष्ट खिडकीपाशी पोचली तशी चौघींतली जाडी म्हणून जी होती, ती उसळली. “त्यांनी दोन कडवी केली ना? मग तिसरं आपण करू!” दोन दिवस डबे खाताना त्या चौघी मात्रा मोजत होत्या.

शनिवारी दादा आले, कपाळाला आठ्या घालून मागच्या रांगेत बसले. चौघी रंगमंचावर गेल्या. चाल ओळखीची निघताच पुरुषमंडळी खिदळली, पण शब्द निराळेच आले:

‘बाई राहिली दिवसभर घरी, हापिस सापडलं पेचात,
एका पत्रात सतरा चुका, साहेब लपले कपाटात!’

मोठे साहेबच आधी हसले, आणि त्यांच्यामागून सगळी कचेरी. दोनदा म्हणायला लावलं. दोघं घरी पोचली. दाराशी चपला काढता काढता दादा म्हणाले, “खरंच सतरा चुका करतात का गं ते लोक?”

“कधी कधी वीससुद्धा, दादा.”

“मग जा बाई सोमवारी. पाणी तरी वेळेवर येऊ दे गावाला.”

भाची लिहायचं विसरून ऐकत होती. “मावशी, हे कडवं कुठल्याच रेकॉर्डवर नाही!”

“कसं असेल? आम्हाला कोण विचारणार होतं?”

भाचीने लगेच फोनवर ते ध्वनिमुद्रित केलं. मग खात्री करायला जाडीला फोन लावला. ती आता पणजी झालेली आणि काडीसारखी वाळलेली. “कपाटात नव्हे गं, कोपऱ्यात!” ती तिकडून ओरडली. पाऊण तास मावशी आणि ती भांडल्या. कुणीच माघार घेतली नाही.

महिन्याने भाचीने दोघींना कॉलेजात व्याख्यानाला बसवलं. आधी रेकॉर्ड वाजली, मग ह्या दोघी गायल्या, शेवटी एक ‘कपाटात’ आणि दुसरी ‘कोपऱ्यात’. मुलं बाकं बडवत होती.

कार्यक्रम संपल्यावर एक तरुणी पुढे आली. ती शहरात बस चालवायची आणि आपल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कॉलेजला यायची. “आजी, आमच्यावरपण एक गाणं निघालंय. बाई बस चालवते आणि भिंतीला धडकते, असलं. स्टॉपवर पोरं लावतात मोबाइलवर.”

“चाल कशी आहे?” मावशीने विचारलं.

तरुणीने लाजत दोन ओळी म्हणून दाखवल्या. जाडीने कानामागे हात धरून ऐकल्या. “चाल झकास आहे हो,” ती म्हणाली. “शब्दांचं बघता येईल. पेन आहे का कुणाकडे?”

भाचीने पेन पुढे केलं. मावशीने खुर्ची ओढली, तरुणीला शेजारी बसवलं आणि म्हणाली, “हं, सांग. गाडी उशिरा आली की लोक काय काय बोलतात तुला?”