पाळण्यावरची पट्टी

दादाने आणलेल्या सहा स्क्रीनपैकी चौथीच्या वरच्या कडेला सोमवारी सकाळी तिळाएवढा काळा डाग दिसला. मी त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारून वार लिहून ठेवला. मंगळवारी डाग रेघेबाहेर आला होता.

आमच्या कारखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ऊब देणारे पाळणे बनतात. नव्या पाळण्याच्या उशाशी एक लांबट स्क्रीन हवी होती, चार बोटं उंच आणि दीड वीत लांब, म्हणजे बाळाचं तापमान नर्सला दारातूनच वाचता आलं असतं. पण स्क्रीन मिळतात त्या फोनच्या नाहीतर टीव्हीच्या घाटाच्या. बाळंतपणानंतर कामावर आल्यापासून दीड महिना मी याला-त्याला पत्रं पाठवत होते. सगळ्यांचं एकच उत्तर, आधी दहा हजार नग घ्या, मग साचा करू. आम्हाला हवे होते चारशे.

एके दिवशी लेकीला पाजताना माझी नजर तिच्या पाळण्यावर गेली. ती झाली तेव्हा दादाने तिथे स्वतः जुळवलेलं एक घड्याळ लावलं होतं, खोलीचं तापमान दाखवणारं, कोपऱ्यात इवलासा चंद्र असलेलं. त्याची स्क्रीन अगदी याच मापाची, पट्टीसारखी. मी लगेच दादाला फोन केला. तो म्हणाला, एवढंच ना, मी देतो.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. फोन दुरुस्तीचं दुकान बंद करून नुकताच सुट्या भागांच्या पुरवठ्यात उतरला होता. ही त्याची पहिली मोठी ऑर्डर. शुक्रवारपर्यंत नमुन्यांवर माझी सही झाली की पक्की. तो माझा भाऊ आहे हे मी साहेबांच्या कानावर आधीच घातलं होतं. ते म्हणाले, मग तर तू दुप्पट तपासशील.

तपासणीची पद्धत आमच्या तपासणी विभागाच्या मोठ्या बाईंची, त्यांना सगळा कारखाना दुर्बीण म्हणतो. कोमट पाण्याचं पसरट भांडं, वर जाळी, जाळीवर चालू स्क्रीन, वरून झाकण, आणि आठवडाभर रोज पेन्सिल. त्याच मापाची घडवलेली पट्टी असेल तर काही होत नाही. मोठी स्क्रीन कापून केलेली असेल तर कापलेल्या कडेला नुसता गोंद असतो आणि ओल तिथूनच आत जाते. मी अर्धा दिवस घरून काम करते, म्हणून भांडं माझ्याच ओट्यावर होतं. लेक झोपली की मी झाकण उघडायची.

बुधवारी दुसरीला आणि पाचवीलाही डाग आला. तिन्हींचे डाग वरच्याच कडेला. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते भांड्यातलं नव्हतं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, तुझं पाणीच जास्त तापलं असेल, छोटे. कुठल्या कारखान्याचा माल, विचारलं, तर म्हणे मधला माणूस नाव सांगत नाही. लहानपणी वहीचं एक पान फाडलं तरी त्याची साग्रसंगीत कथा सांगणारा माझा भाऊ, आणि आता दोन वाक्यांत फोन ठेवला. मी पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा लावलं. नवरा म्हणाला, सख्ख्या भावावर एवढी पाळत, माझं काय होणार! मला हसू आलं नाही.

गुरुवारी लेक सर्दीने किरकिरत होती. तिला वाफ दिली आणि मांडीवर घेऊन पाळण्याशी बसले. पाच महिने झाले, त्या घड्याळाखाली मी ओले कपडे वाळवते, शेजारी वाफेचं यंत्र लावते, आणि स्क्रीन आरशासारखी लख्ख. एक ठिपका नाही. मी बघतच राहिले. मग लेकीला खाली ठेवलं, स्क्रू काढले आणि घड्याळ उघडलं.

आतल्या स्क्रीनच्या पाठीवर दहा आकड्यांचा नंबर छापलेला होता, अख्खा. नमुन्यांच्या पाठीला पांढरे स्टिकर होते. चौथीचा स्टिकर नखाने सोलला. खाली नंबर होता, पण आकड्यांचे नुसते खालचे अर्धे भाग. वरची डोकी कापली गेली होती.

संध्याकाळी दादा सहीचा कागद घेऊन आला. आल्या आल्या भाचीला उचललं, तिचं नाक पुसलं, तिच्या पोटावर फुर्र केलं. मी दोन्ही स्क्रीन टेबलावर पालथ्या ठेवल्या. त्याने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"हिच्या पाळण्याला कापलेली लावली असतीस?"

"ही आपली आहे ना," तो म्हणाला.

लेक त्याची कॉलर तोंडात घालत होती, ती त्याने सोडवली नाही.

हळूहळू त्याने सांगितलं. अस्सल पट्टी त्याच्याकडे एकच होती, दुकानाच्या दिवसांतली. तशा खूप शोधल्या. शेवटी एकजण भेटला, कापून देणारा. तो म्हणाला, वर्षभर डाग येत नाही, आणि वर्षानंतर कोण बघतं.

"वर्षानंतर नर्स बघते, दादा. छत्तीस आहे की एकोणचाळीस, डागाखालून तिने ओळखायचं?"

मी कागदावर 'नापसंत' लिहिलं आणि खाली माझी सही केली. अक्षर लेकीने काढल्यासारखं आलं.

अख्ख्या नंबरची स्क्रीन मी त्याच्यापुढे सरकवली. म्हटलं, ही घेऊन जा, या नंबरावरून कारखाना शोध, मी साहेबांकडे पंधरा दिवस मागून घेते.

"आणि हिला?" त्याने भाचीकडे पाहिलं.

"खोली गार आहे का ते मी हिच्या पायांना हात लावून बघेन."

त्याने स्क्रीन तिच्या दुपट्यात गुंडाळली, शर्टाच्या आत ठेवली आणि निघाला. सहा नमुन्यांचा खोका टेबलावरच राहिला. तो विसरला की मुद्दाम ठेवून गेला, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही. खोका कारखान्यात कुलपात ठेवलाय, आणि किल्ली माझ्याकडे आहे.