समताचं लायसन

पंजाबरावांनी झेंडूचं पोतं गुलाबरावांच्या अंगणात उतरवलं, तोंड सोडलं आणि एक ओंजळ वर उधळून दाखवली.

"हे पाह्य, गुलाब. अशी चार पोती. इमान मांडवावर आलं की समतानं खिडकी उघडाची आन् सोडाची. सारा पिंपळगाव वर पाह्यला पायजे!"

गुलाबरावांनी मान डोलावली खरी, पण नजर दाराकडे होती. पोरगी आज सकाळीच नाशिकहून आली होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. नोकरी सांभाळून, सुट्टीसुट्टीला जळगावला जाऊन समता विमान शिकली होती. मागल्या महिन्यात लायसन हाती आलं. जन्मभर यष्टी चालवलेल्या बापाच्या पोटात तो आनंद मावेना. पंजाबरावांच्या ओट्यावर, चार माणसांत, ते बोलून गेले होते, "तुमच्या ऋत्विकच्या लग्नात फुलं पाडते मही पोरगी!"

ओले केस पुसत समता बाहेर आली. पोतं पाहिलं, बापाचा चेहरा पाहिला, आणि आत ऐकू आलेल्या बोलण्याचा अर्थ तिला लागला.

"काका, हे जमणार नाही."

"पैशाची फिकर करू नको."

"पैसे घ्यायचेच नसतात. माझं लायसन खासगी आहे. भाडं, बक्षीस, काही घेऊन विमान उडवता येत नाही."

"मंग नको घेऊ. फुकट कर."

"फुकटही वरून फुलं टाकता येत नाहीत. त्याची परवानगी वेगळी. आणि लग्न सांजचं आहे. अंधारात उडवायचं शिक्षण माझं अजून व्हायचं आहे."

गुलाबरावांचे कान तापले. "म्हंजे बिल्ला नाई," ते हळूच म्हणाले.

"बरोबर, बाबा. लायसन आहे, बिल्ला नाही."

एवढं त्यांना पुरलं. प्रवासी वाहतुकीचा बिल्ला मिळेपर्यंत त्यांनाही कोणी प्रवासी गाडीला हात लावू दिला नव्हता. ते बाजेवरून उठून उभे राहिले.

"पंजाबराव, पोरीले न इचारता मीच बोलून बसलो. माफी करा."

पंजाबराव पोत्याचं तोंड बांधू लागले. सुतळीची गाठ बसेना. "मंग त्या लायसनात आहे तरी काय बाप्पा?"

"आपल्या माणसाला दिवसाउजेडी फिरवून आणता येतं," समता म्हणाली. "त्याच्याकडून काही न घेता."

"थांब रे पंजाब."

आवाज अंगणाबाहेर उभ्या गाडीतून आला. पंजाबरावांच्या आई, बनाबाई, पुढच्या सीटवर दार उघडं टाकून बसल्या होत्या; या अंगणात त्या कधी उतरल्या नव्हत्या.

"मले सांग वं पोरी, मी आपल्यातली आहो का नाई?"

"माय, तुह्या वयाले..." पंजाबराव म्हणाले.

"तुले काऊन इचारू? ती नेते का ते पाहू दे."

गुलाबरावांनी लेकीकडे पाहिलं. ती हसत होती.

"चला आजी. फक्त पदर घट्ट खोचा."

रविवारी सकाळी जळगावच्या धावपट्टीवरून ते लहानसं विमान उठलं. बनाबाई पुढे समताशेजारी, गुलाबराव मागे. हाती चाक नसताना बसायची त्यांना सवयच नव्हती. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय तळाशी ब्रेक शोधत होता. बनाबाई मात्र काचेला नाक लावून बसल्या होत्या. एकदाही त्यांनी डोळे मिटले नाहीत.

पिंपळगाव आलं तशा त्या कानावरच्या हेडफोनच्या माईकवर उगाच ओरडल्या, "हा आमचा ढोराईचा वाडगा! आन् ते पांढरं गोल काय हाये?"

"आमचा बुद्धविहार, आजी. त्याच्या मागचं आमचं घर."

बनाबाई खाली पाहत राहिल्या. विमानाने वळण घेतलं तशी मानही वळवली.

"एवढं जवळ?" त्या म्हणाल्या. "मले तं लय दूर वाटे."

 समताने आणखी एक फेरी मारली.

विमान उतरल्यावर बनाबाईंनी कनवटीची नोट काढली. "घे वं."

"नाही आजी. घेतली तर लायसन जाईल."

"मंग लुगडं धाडतो तुह्या मायले."

"तेही नाही."

तो हात तसाच पुढे राहिला. त्याच हाताने गुलाबरावांच्या आईला खळ्यावरचं धान्य दिलं होतं, दिवाळीला जुनं लुगडं दिलं होतं. मागच्या दाराशी गडवा घेऊन उभ्या राहणाऱ्या लहानग्या गुलाबला ताक ओतलं होतं, वरून, भांड्याला भांडं लागू न देता. नोट परत कनवटीला लावायला बनाबाईंना बराच वेळ लागला. मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

"गुलाबराव, जाताना तुमच्या घरी उतरतो मी. सिंधूले सांगा, चहात साखर कमी टाकजो म्हना."

गुलाबरावांच्या सीटचा पट्टा निघता निघेना. समताने हात घालून सोडवला. खाली उतरून ते पंखाच्या सावलीत गेले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"काय हो, उतरलं का विमान?" समताच्या आई सिंधूताईंनी विचारलं.

"उतरलं. चहाचं आधन ठेवजो दुपारी. साखर कमी."

"कोन येऊन राह्यलं?"

"बनाबाई."

 पलीकडून फळीवरचे कप काढल्याचा आवाज आला.