तीन चाकं जमिनीवर, एक हवेत

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी गाडी आहे. मला इंजिन नाही, चावी नाही, सेल नाही. उतारावर ठेवा आणि सोडा, की सुटले. इतकं साधं माझं काम. पण मला घडवणारी माणसं दोन निघाली. दोघंही आपापल्या कामात एक नंबर, आणि दोघांनाही मनातलं तोंडावाटे बाहेर काढायचा भयंकर कंटाळा. त्यामुळे माझ्या डोक्याचा जो भुगा झाला, तो आजवर कुणी झाडून काढलेला नाही.

मुळात मी दाराच्या चौकटीतून उरलेला एक ठोकळा. मला कापलं बाबांनी. बाबा म्हणजे भिंगरीचे बाबा, धंद्यानं सुतार. भिंगरी ही त्यांची अकरा वर्षांची मुलगी. ती पाच मिनिटं एका जागी बसली तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघायचे, म्हणून हे नाव. बाबांच्या खिशात कायम गुण्या. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. बाबा जेवायला बसले तरी ताट टेबलाच्या कडेला समांतर आहे का ते आधी बघत, मग घास घेत.

त्याच खोलीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आत्या बसायची. आत्या ही बाबांची थोरली बहीण, शिलाई मशीन दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोघांच्या मधे जमिनीवर खडूची एक रेघ होती. भुसा रेघेपलीकडे उडाला की आत्या ओरडायची, तेलाचा थेंब अलीकडे आला की बाबा. भिंगरी दिवसातून शंभरदा ती रेघ ओलांडायची आणि दोघांच्याही शिव्या खायची.

आता शर्यतीचं सांगते. दर वर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये एक लांबलचक उतरती घसरगुंडी मांडत. तिच्यावर चार रांगा, आणि प्रत्येक रांगेच्या मधोमध एक उंच, चिंचोळी पट्टी. गाडीची दोन चाकं पट्टीच्या या बाजूला, दोन त्या बाजूला. वरून सोडायचं आणि खालची लाल रेघ आधी ओलांडेल तो जिंकला. बारा वर्षं पूर्ण झाली की मूल बाद. म्हणजे भिंगरीचं हे शेवटचं वर्ष.

भिंगरीच्या आधीच्या दोन गाड्या, माझ्या थोरल्या बहिणीच म्हणा ना, दोन्ही वर्षी अर्ध्या उतारावर थांबल्या होत्या. मग शिट्टीवाले काका, म्हणजे शर्यत घेणारे, काठीनं ढोसून त्यांना खाली आणायचे आणि सगळा हॉल हसायचा. पोरं वर्षभर रस्त्यात विचारत, "काय भिंगरी, यंदा कुठवर?"

मला पॉलिश पेपरनं घासता घासता ती एकदा हळूच म्हणाली, "हे बघ, पहिली नको येऊस. दुसरी नको येऊस. पण ती लाल रेघ तेवढी ओलांड. बाकी मी बघून घेते."

मी मनातल्या मनात हो म्हटलं. त्यात काय अवघड होतं? बाबांनी माझ्या पोटाखाली चार भोकं पाडली होती, त्यांत चार खिळे, खिळ्यांवर चार चाकं. चारी खिळे गुण्या लावून, एक डोळा मिटून बसवलेले. बाबा म्हणाले होते, "सुतासारखी सरळ!" आणि मी नुसती फुलून गेले होते. वर निळा रंग. आणखी काय हवं होतं मला?

गुरुवारी बाबा कुणाकडे तरी दार बसवायला गेले, भिंगरी शाळेत. आत्यानं चष्मा पुसला, रेघ ओलांडली आणि मला उचललं. एक फळी पुस्तकावर टेकवून तिनं उतार केला आणि मला सोडलं. मी ऐटीत सरळ गेले. मला वाटलं, आता शाबासकी.

"छे, छे," आत्या म्हणाली. "ही तर पार सरळ आहे."

मित्रांनो, ही तक्रार कधी ऐकली आहे तुम्ही? मी चक्रावले. तोवर तिनं माझा पुढचा उजवा खिळा उपटला, पकडीत धरून हलकेच ठोकून वाकवला, डोक्यावर पेचकस बसेल अशी खाच कानशीनं पाडली आणि परत बसवला. मग पेचकसानं जरा इकडे, जरा तिकडे. डावीकडचं पुढचं चाक तर तिनं असं उचलून लावलं की ते जमिनीला टेकेचना! चार पायांच्या टेबलाचा एक पाय कापला तर टेबलाला कसं वाटेल? तसं मला वाटलं. आता मला सोडलं की मी हळूहळू डावीकडे वळायला लागले.

"आता कशी!" आत्या खूश. "पण त्याला सांगायला नको. घर डोक्यावर घेईल."

संध्याकाळी बाबा आले. हातपाय धुवायच्या आधी त्यांनी मला टेबलावर सोडून बघितलं. मी डावीकडे. बाबांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी गुण्या लावला, परत लावला. मग चोरासारखं मागे वळून बघितलं, आत्याचं लक्ष नाही ना म्हणून.

"पंचवीस वर्षं सुतारकाम केलं," ते पुटपुटले, "आणि चार खिळे मला धड बसवता येऊ नयेत?"

त्यांनी गुपचूप खिळे काढले, हातोडीनं ठोकून सरळ केले आणि परत बसवले. कुणाला काही बोलले नाहीत. कसे बोलणार? सुताराचा हात चुकला हे काय दवंडी पिटवून सांगायचं असतं?

शुक्रवारी दुपारी आत्या मला सोडते तर मी सरळ. "अगं बाई! खिळा उलटा फिरला की काय?" तिनं परत वाकवला, या वेळी चांगला जोर लावून, आणि डावं चाकही परत उचललं. शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी परत सरळ केला. शनिवारी तर दोन-दोन वेळा! मित्रांनो, दुपारी मला वाटायचं सरळ असणं हा गुन्हा आहे, आणि दिवेलागणीला वाटायचं वाकडं असणं हे पाप आहे. मी नेमकं काय व्हावं, हे कुणी मला सांगतच नव्हतं. वरून दोघंही माझ्यावर हात फिरवत आणि म्हणत, "आता नीट झाली."

शनिवारी जेवताना बाबांनी सहज विचारल्यासारखं केलं, "ताई, हवा जरा दमट आहे का गं सध्या?"

"का रे?"

"नाही, दमट हवेत लाकूड फिरतं."

"फिरतं खरं. खिळेसुद्धा फिरतात."

"खिळे कसे फिरतील?"

"तुला काय करायचंय? जेव गुपचूप."

भिंगरी मधेच म्हणाली, "बाबा, माझी गाडी मूडी आहे. सकाळी एक चाल चालते, संध्याकाळी दुसरीच."

"हो हो, असतात काही काही गाड्या," दोघंही एका सुरात म्हणाली आणि दोघांनीही ताटात मान घातली.

यात एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. लाकडातला खिळा एवढ्या वेळा उपटला आणि ठोकला की भोक ढिलं होतं. माझं उजवं चाक आता खिळ्यासकट डुगडुगत होतं. मला सांगायचं होतं, पण ठोकळ्याला तोंड कुठलं?

रविवारी हॉल खचाखच भरला होता. गाड्यांचं वजन करायला शिट्टीवाल्या काकांनी मला तराजूवर ठेवायला उचललं, आणि माझं उजवं चाक खिळ्यासकट गळून पडलं. टणटणत थेट खुर्च्यांखाली गेलं.

"अहो, ही तर शर्यतीआधीच सुटली!" काका म्हणाले.

मागून एक पोरगं ओरडलं, "भिंगरी, यंदा वरच थांबलीस की गं!"

हॉल फुटला हसून. भिंगरी गुडघ्यांवर बसून खुर्च्यांखालून खिळा शोधत होती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "काका, आमचा नंबर शेवटच्या फेरीत लावा."

"वीस मिनिटं देतो. एक मिनिट जास्त नाही."

भिंगरी, बाबा आणि आत्या कोपऱ्यात गेली. भिंगरीनं खिळा उजेडात धरला. "याला एवढे ठोके कुणी मारले? आणि डोक्यावर ही खाच कसली?"

बाबांनी छताकडे बघितलं. आत्यानं हत्यारांच्या पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं.

"मी विचारतेय!"

"जरासा वाकवला होता मी," आत्या शेवटी म्हणाली. "गुरुवारी. आणि शुक्रवारी. आणि काल दोनदा."

"तू?" बाबा उडालेच. "तू वाकवत होतीस?"

"म्हणजे? सरळ कोण करत होतं मग?"

"मी! मला वाटलं माझा हात गेला कामातून! चार दिवस घास उतरला नाही माझ्या नरड्याखाली!"

"आणि मी म्हणतेय खिळ्यात भूत शिरलं!"

"अगं पण वाकवायचा कशाला? सरळ उतारावर सरळ गाडी जायला नको?"

"अरे, ती सरळ राहते का कुठे? जरा डावीकडे सरकते, मग उजवीकडे. मधल्या पट्टीवर इकडून आपट, तिकडून आपट. दर धडकेला वेग कमी. तिला आधीच डावीकडे बारीकशी ओढ दिली, की उजवं चाक पट्टीला एकदा टेकतं आणि पट्टीला धरूनच खाली जातं."

"आणि हे चाक हवेत कशाला? चार चाकं काय शोभेला दिली मी?"

"तीन चाकं घासतील, चौथं आराम करेल. तुझ्या दारांना तीनच बिजागऱ्या असतात, मी कधी विचारलं का चौथी कुठाय म्हणून?"

बाबांनी मला उलटं केलं आणि भोकात करंगळीचं नख घातलं. "ढिलं झालंय. काडेपेटीच्या काडीची ढलपी घालावी लागेल, वर गोंद. पण एकदा सुकलं की झालं. परत फिरवता येणार नाही. सरळ की वाकडा, आत्ताच ठरवा."

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग दोघांनी भिंगरीकडे बघितलं. मीही बघितलं. मला तर दोघांचंही पटत होतं, आणि म्हणून काहीच कळत नव्हतं.

भिंगरी ओठ चावत म्हणाली, "बाबा, मागच्या वर्षीची गाडी सरळ होती ना?"

"अगदी."

"मी उताराला कान लावून उभी होते. टक, टक, टक, टक आवाज येत होता. मला वाटलं चाक वाजतंय. तसं नव्हतं ते, बाबा. ती पट्टीवर आपटत होती. आपटून आपटून थांबली."

बाबांनी बाहेर काढलेला गुण्या परत खिशात ठेवला.

"वाकडा बसवा," भिंगरी म्हणाली. "पण बाबा, तुम्ही बसवा. आत्या नको. तुमच्या हातचा खिळा हलत नाही."

बाबांनी काडीची ढलपी तासली, गोंदात बुडवून भोकात सारली. खिळा हातात घेतला. आजवर त्यांनी जाणूनबुजून एकही खिळा वाकडा ठोकलेला नव्हता.

"ताई, किती?"

"केसभर."

"केसभर म्हणजे किती? मापात सांग ना!"

"केसभर म्हणजे केसभर! लाव तू, मी पेचकसानं फिरवते."

एकानं ठोकला, दुसरीनं फिरवला, तिसरी फुंकर मारत बसली. एकाच वेळी तिघांचे हात माझ्यावर पहिल्यांदाच पडत होते, आणि तिघांनाही दुसरी दोघं काय करतायत ते दिसत होतं.

मला वर नेऊन ठेवलं. शेजारी आणखी तीन गाड्या, चकचकीत, चारी चाकं टेकवून. मी तीन चाकांवर. खरं सांगते, मी दुरुस्त झालेय की कायमची बिघडलेय, हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. गोंद सुकलाय की नाही, हेही नाही.

शिट्टी वाजली. मी सुटले, डावीकडे झुकले, टक असा एकच आवाज झाला. मी म्हटलं, संपलं, आता दुसरा टक येईल. दुसरा आलाच नाही. चाक पट्टीला लागून नुसतं गुणगुणत राहिलं. जिथे माझ्या बहिणी थांबल्या होत्या ती जागा आली आणि गेली. दोन गाड्या माझ्या पुढे होत्या, एक मागे. मग खालून काहीतरी लाल सरकलं.

"ओलांडली ना? काका, ओलांडली ना?" भिंगरीनं तीनदा विचारलं.

"ओलांडली गं बाई! चारात तिसरी!"

"तिसरी!" बाबा इतक्या मोठ्यानं ओरडले की पहिल्या आलेल्या पोराच्या वडलांनी मान वळवून बघितलं. चौथी गाडी अर्ध्यावर थांबली होती, त्याच मघाशी ओरडणाऱ्या पोराची. भिंगरी त्याच्याकडे गेली. मला वाटलं आता उट्टं काढते. पण ती म्हणाली, "सरळ असेल तुझी. आण इकडे. आत्याला दाखवू."

पुढे भिंगरी मोठी झाली आणि शिकायला परगावी गेली. मी बॉबिनांच्या एका पत्र्याच्या डब्यात पडले. बरीच वर्षं मला कुणी हात लावला नाही. आत्याच्या हाताला आता कंप आहे, बाबांना बारीक दिसत नाही. कुणाची मुलं पाहुणी आली की कधीमधी मला काढतात, फरशीवर सोडतात, मी सवयीनं डावीकडे जाते, आणि लगेच कुणीतरी पक्कड शोधायला धावतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, तेल घाला, जपा, हे सगळे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. माझी विनंती त्याहून छोटी आहे. एखादी वस्तू वाकडी दिसली की पक्कड उचलण्याआधी घरातल्या माणसांना एक हाक मारा. "ही अशी कुणी केली? मुद्दाम केली का?" एवढंच विचारा. उत्तर द्यायला बाबा आणि आत्या अजून बाजूच्याच खोलीत बसलेली आहेत.