सरकलेली बटणं

राजनंदिनीची मामी पार्वतीबाई सगळ्या जवळा बाजार गावात बोलकी म्हणून माहीत होती. अर्धांगवायूनं तिचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही. समज मात्र शाबूत होती. कोण आलं, कोण काय म्हणालं, सगळं तिला कळायचं. फक्त उत्तर देता यायचं नाही.

राजनंदिनी हिंगोलीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅमिंग करायची. तिनं मामीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. टच स्क्रीनवर मोठमोठी बटणं : ‘पाणी’, ‘चहा’, ‘दुखतंय’, ‘झोपायचंय’, ‘टीव्ही लावा’. मामीनं डाव्या हाताचं बोट टेकवलं की कॉम्प्युटर तो शब्द बोलायचा. आवाज राजनंदिनीनं स्वतःचाच भरला होता. तातेरावमामा आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, “आमची नंदा बोलती हिच्या तोंडून.”

ही बटणं तिनं एका टूलकिटवर, म्हणजे पडद्यावर बटणं काढून देणाऱ्या तयार सामग्रीवर, काढली होती. त्याचा फायदा असा की, एकदा लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सवरही चालतो आणि विंडोजवरही. त्या टूलकिटची नवी आवृत्ती आली होती आणि जुनीकडे आता कुणी लक्ष देणार नव्हतं. म्हणून एका रविवारी राजनंदिनीनं मामीचा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर नेला. अक्षरं रेखीव दिसू लागली, बटणांचे कोपरे गोल झाले. आपल्या लिनक्सच्या लॅपटॉपवर तिनं एकेक बटण दाबून पाहिलं. सगळं बरोबर होतं. मग तिनं घरूनच, इंटरनेटवरून, तो मामांच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर चढवला. जवळ्याला जाऊन एकदा बघून यावं असं मनात आलं होतं. पण बाहेर ऊन रणरणत होतं, आणि न चालायला झालंय काय, असंही वाटलं.

आठवड्याच्या आतच मामांचा फोन आला.

“नंदे, तुझी मामी कायबी मागून राहिली बघ. टीव्ही लावा म्हनती, लावला की डोळे मिटून घेती. झोपायचंय म्हनती, निजवाया गेलं की हात आपटती.”

“पाणी बराबर मागते का?”

“पानी बराबर मागती. बाकीचं समदं येड्यावानी.”

एक बटण नीट चालतंय म्हणजे प्रोग्रॅम नीट आहे, असं राजनंदिनीनं धरलं. तिचं निम्मं लक्ष समोरच्या कामात होतं. “मशीन ठीक आहे, मामा. मामीचंच चुकत असेल. या आजारात होतं असं हळूहळू.”

“म्हंजे, डोक्यावर गेलं व्हय?”

“असू शकतं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून पुन्हा कामाला लागली.

त्यानंतर मामीच्या म्हणण्याकडे कुणी लक्ष देईनासं झालं. ती बटणं दाबतच राहायची, म्हणून मामांनी वैतागून स्क्रीन भिंतीकडे फिरवून ठेवली. मग एकदा तिचं अंग पुसताना त्यांना टाच दिसली. पडून पडून जखम झाली होती आणि आत पू धरला होता. औंढ्याच्या डॉक्टरांनी ती साफ केली आणि विचारलं, “बरेच दिवस दुखत असणार यांना. बोलल्या नाहीत का?”

हे मामांनी फोनवर सांगितलं तेव्हा राजनंदिनी मिळेल त्या गाडीनं निघाली.

तिनं स्क्रीन मामीकडे वळवली. मामी बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं बोट उचललं आणि नेमकं ‘दुखतंय’वर टेकवलं.

“टीव्ही लावा,” कॉम्प्युटरमधून राजनंदिनीचा आवाज आला.

मामीनं पुन्हा तेच बटण दाबलं. पुन्हा तोच आवाज, हसरा, आर्जवी.

कारण सापडायला वेळ लागला नाही. मामांना बारीक दिसत नसल्यामुळे त्यांनी कॉम्प्युटरवरचं सगळं मोठं करून ठेवलं होतं. नवी आवृत्ती ते ओळखून बटणं मोठी काढत होती. पण बोट कुठं टेकलं हे राजनंदिनीनं पूर्वी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या ओळी जुन्याच मापानं ठरवत होत्या. बोट एका बटणावर पडायचं आणि बोलायचं दुसरंच. वरच्या कोपऱ्यातलं ‘पाणी’ तेवढं जागेवर राहिलं होतं. तिच्या लॅपटॉपवर काहीच मोठं केलेलं नव्हतं, म्हणून तिथं हे दिसलंच नव्हतं.

तिच्यानं मामांकडे बघवेना. कुठलीतरी कळ दाबली गेली, काहीतरी तांत्रिक झालं, असं सांगून सुटता आलं असतं. मामांना ते पटलंही असतं.

“मामा, मामीचं डोकं ठिकाणावर हाय. ती बराबरच दाबत होती. चूक माझी हाय. मी नवं घातलं अन् हितं येऊन बघितलं न्हाई. तुमी फोन केला तवा न बघताच मामीवर ढकललं.”

तातेराव खाटेच्या कडेला बसले. “मी वरडलो गं तिला,” ते म्हणाले. “चार मानसांपुढं वरडलो.”

राजनंदिनीनं त्या ओळी तिथंच बसून दुरुस्त केल्या. एकेक बटण मामीच्याच बोटानं दाबून घेतलं. सगळे शब्द आपापल्या जागी आले. तरी ते पडद्यावरचे शब्द बघताना तिला आणखी वाईट वाटलं. सगळी नुसती मागणीची बटणं होती. तुमचं चुकतंय असं कुणाला सुनवायचं, तर मामीजवळ एकही शब्द ठेवलेला नव्हता.

“मामी, अजून काय म्हनायचं असतं तुमाला? मी बटण करून देते.”

ती एकेक शब्द सुचवत गेली. ‘राग आला’, ‘एकटं सोडा’, ‘ऐका माझं’. मामी नकारार्थी मान हलवत राहिली.

“चूक?”

मामीची मान थांबली.

“कुणाची चूक, मामी?”

मामीनं डावं बोट उचलून तिच्याकडे रोखलं.

राजनंदिनीनं नवं बटण केलं. ते शब्दही तिनं स्वतःच्याच आवाजात भरले. मामीनं ते दाबलं.

“तुझी चूक आहे,” राजनंदिनीचाच आवाज खोलीभर ऐकू आला.

मामीनं तिच्याकडे बघत ते आणखी एकदा दाबलं. मग मामांकडे वळून त्यांच्यासाठीही दाबलं. मामांनी मान खाली घातली. राजनंदिनी तशीच उभी राहिली.

थोड्या वेळानं मामीनं ‘दुखतंय’ दाबलं आणि डाव्या पायानं उजवा पाय जरासा पुढे सरकवला. राजनंदिनी खाली बसली आणि टाचेची पट्टी सोडू लागली.