रिकाम्या जागेचे अनुदान

मी एक जुनी गस्तीची गाडी आहे, आणि मित्रांनो, आज माझा जीव थाऱ्यावर नाही. समोरच्या घरात फ्राउ ह्यूबनर नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचे शटर रोज सात वाजता वर जाते. आता साडेसात झाले. शटर खालीच आहे.

माझी कहाणी ऐका. तोवर मला दुसरे काही करता येण्यासारखे नाही.

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनला बनणाऱ्या महागड्या, वेगवान गाड्यांशी माझे नाते एवढेच, की चाके त्यांनाही चारच. अंगावर निळा पट्टा ओढून मला येना शहराच्या पलीकडील टेकड्यांत धाडण्यात आले. तिथे पाच खेडी आणि पाचांत मिळून एकच ग्रामरक्षक : तनय. त्याचे वडील राजाभाऊ सांगलीहून येनाला भिंगांच्या कारखान्यात आले. तनय इथेच जन्मला आणि वाढला.

त्याची कामाची रीत कोणत्याही नियमावलीत नव्हती. सकाळी तो मला इतकी सावकाश चालवी, की कुत्रीदेखील पुढे जात. तो एकेका खिडकीकडे पाही. शटर वर असेल तर माणूस उठले आहे. नेहमीची वेळ टळूनही खाली राहिले, तर तो उतरून दार ठोठावी. गेल्या वर्षी याच फ्राउ ह्यूबनर जमिनीवर पडलेल्या सापडल्या, त्या अशाच. त्या दिवशी साऱ्या गावाने माझ्या टपावर प्रेमाने थाप मारली. कौतुक नेहमी पत्र्याच्या वाट्याला येते.

पगार मात्र तुटपुंजा होता. येना शहराने त्याला दीडपट देऊ केला आणि घरी दुसरे बाळ आले. एकदा त्याची आई मनोरमाबाई माझ्या दाराला टेकून म्हणाल्या, "तनय, शहरात गाड्यांना चिठ्ठ्या चिकटवणाऱ्यालाही तुझ्याहून जास्त मिळतं. लोकांचे पडदे मोजायला का एवढं शिकलास?"

"आई, पडदे नाही गं, शटर. आल्झो, म्हणजे मी गेलो तर बघणार कोण?"

"सरकार बघेल. त्याला डोळे आहेत ना?"

होते. राज्याने ग्रामीण रक्षकांच्या पगाराला साहाय्य जाहीर केले होते. सरपंच फ्राउ क्राउझे यांनी तेवीस पानी अर्ज पाठवला. उत्तर आले : साहाय्य केवळ सहा महिने रिक्त असलेल्या पदासाठी, भरलेल्या पदावर अडचण सिद्ध होत नाही. तर्कशास्त्राच्या कोणत्याही परीक्षेत हे विधान नापास झाले असते. मंत्रालयात ते विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले.

"म्हणजे तुम्ही आधी जा," फ्राउ क्राउझे तनयला म्हणाल्या, "मग तुम्हाला थांबवायला पैसे येतील."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. हसले दोघेही नाहीत. नोव्हेंबरमध्ये त्याने माझी किल्ली खिळ्याला अडकवली.

डिसेंबरात, यंत्रांसाठीच्या वेगळ्या निधीतून, नवी गाडी आली. तिला चार कॅमेरे आहेत. ती माझ्या शेजारी उभी असते. चालकाच्या आसनावरचे प्लास्टिक अजून कुणी काढलेले नाही. माझी बॅटरी काढून नेली, तेव्हापासून मला साधा हॉर्नही नाही.

आणि आज ही सकाळ. मे महिना आहे. सहा महिने शिस्तीत भरले. फ्राउ क्राउझे कचेरीतून धावतच बाहेर आल्या आहेत, हातात राज्याचे पत्र. "मंजूर!" गाडी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या पाववाल्याला त्या ओरडून सांगत आहेत. "मंजूर झालं! आता माणूस मिळेल!" पाववाल्याच्या गाडीने तीनदा घंटा वाजवली. फ्राउ ह्यूबनर पावासाठी बाहेर आल्या नाहीत. तो पुढच्या गावी निघून गेला.

फ्राउ क्राउझे आता फलकावर जाहिरात लावत आहेत : रक्षक हवा, तत्काळ. त्या एकेक टाचणी काळजीपूर्वक टोचतात. कागद सरळ आहे ना, हे दोनदा मागे सरून पाहतात. खिडकी त्यांच्या पाठीमागे आहे.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत अशी एखादी खिडकी असेल. ती कधी उघडते, हे ध्यानात ठेवा. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. आणि ज्याने ते ध्यानात ठेवले आहे, त्याला जाऊ देण्यापूर्वी त्याची किंमत विचारा. तो गेल्यावर ती फार अचूक कळते.

आठला पाच कमी. शटर खालीच आहे.

फ्राउ क्राउझे, कागद सरळ आहे. मागे वळा.